दुसरा पुरवठादार नाही, हे कोणी ठरवायचे?

सरकारी रुग्णालय असो, महापालिका असो की अनुदानित महाविद्यालय, खरेदीच्या फायलीत एक वाक्य हमखास भेटते : ‘सदर वस्तू केवळ याच कंपनीकडे उपलब्ध असल्याने निविदा न मागवता थेट खरेदीस मान्यता असावी.’ या एका वाक्याने जाहिरात, दरपत्रके, तुलनात्मक तक्ता हे सगळे टप्पे गळून पडतात आणि पुरवठा आदेश थेट एका नावाने निघतो. हे वाक्य कधी अगदी खरे असते. कधी ते नुसते सोयीचे असते. आणि कधी ते खरे ठरावे अशी तजवीज आधीच्या काही वर्षांत संस्थेच्याच हातून झालेली असते, बहुधा नकळत. वरून पाहता तिन्ही फायली सारख्याच दिसतात. म्हणूनच स्पर्धेविना खरेदी केव्हा करावी, हा प्रश्न निव्वळ हिशेबनिसांचा नाही. लोकांचा पैसा आणि लोकांचा जीव, दोन्ही त्यात गुंतलेले असतात. या प्रश्नाच्या दोन बाजू इथे समोरासमोर बसवल्या आहेत. एक बाजू मांडतात सार्वजनिक रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षक, दुसरी मांडतात लेखापरीक्षक. ही कोणी ठरावीक माणसे नाहीत, त्या दोन भूमिका आहेत. दोघेही प्रामाणिक आहेत असे मी धरून चालतो, कारण या विषयातला खरा पेच प्रामाणिक माणसांपुढेच उभा राहतो.

अधीक्षक : साहेब, तुमच्या तपासणीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘निविदा का काढली नाही?’ निविदा पूर्ण होईपर्यंत वॉर्डात काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. राज्याने २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. हेतू चांगला होता : एकत्र खरेदी, एक दर, एक प्रक्रिया. पण औषधे वेळेवर पोचत नाहीत ही तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली आणि शेवटी २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभारायचे ठरले. या उशिराची किंमत कुठल्याच तक्त्यात येत नाही. रुग्णाच्या नातेवाइकाने बाहेरच्या दुकानातून छापील किमतीला आणलेले औषध, ही ती किंमत. आणि जिच्यासाठी एवढा वेळ घालवायचा ती स्पर्धा तरी खरी असते का? तीन कोटेशने हवीत म्हटले की एकच विक्रेता तिन्ही आणून देतो, त्यातली दोन जरा चढ्या दराची. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या २०१४ मधल्या निविदा घ्या. नागरिक चेतना मंचाच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये निर्णय दिला. ठरलेल्या कंपनीला काम मिळावे म्हणून इतरांनी निव्वळ संख्या भरायला निविदा भरल्या होत्या, असे त्यात निष्पन्न झाले. कागदोपत्री ती उत्तम स्पर्धा होती. माझा एकच प्रामाणिक पुरवठादार त्या लटक्या नावांपेक्षा वाईट का?

लेखापरीक्षक : मॅडम, ती लबाडी उघडी पडली कशी, याचाही विचार करा. अनेक कागद होते, अनेक नावे होती, ती ताडून पाहता आली. एकाच नावाच्या फायलीत ताडून पाहायला काही उरतच नाही. खोट्या निविदांवरचा उपाय म्हणून निविदाच सोडून द्यायची, हे मला पटत नाही. शिवाय निविदा फक्त स्वस्त दरासाठी असते, ही समजूत अपुरी आहे. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेवरून रमणा दयाराम शेट्टी यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. न्यायमूर्ती भगवती यांनी १९७९ च्या त्या निकालात सांगितले की सरकारी संस्थेला खासगी मालकाप्रमाणे मर्जीतल्या माणसाला काम देता येत नाही आणि तिने स्वतः घातलेली अट तिलाही बांधून घेते. पुढे २००६ मध्ये मेरठ नगर निगम विरुद्ध अल फहीम मीट एक्सपोर्ट्स या खटल्यात न्यायालयाने जाहीर लिलाव किंवा निविदा हाच सर्वसाधारण मार्ग ठरवला आणि त्याचा पाया राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मध्ये, म्हणजे समानतेच्या हक्कात, दाखवला. केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ मध्ये परिपत्रक काढून हे तत्त्व सर्वांना कळवले. भोसरीतल्या किंवा सातपूरच्या लहान कारखानदाराला आपला माल दाखवायची संधी मिळणे हा त्याच्यावर उपकार नव्हे. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही, एवढ्यावरून तो अस्तित्वातच नाही असे संस्थेने ठरवू नये.

दोघांचेही म्हणणे वजनदार आहे, पण दोघेही कायद्याचा अर्धाच भाग पुढे करत आहेत. मेरठच्या ज्या निकालाचा आधार लेखापरीक्षक घेतात, त्याच निकालात अपवादांची यादी आहे : नैसर्गिक आपत्ती वा आणीबाणी, माल एकाच ठिकाणी मिळणे, पुरवठादाराकडे अनन्य हक्क असून दुसरा वाजवी पर्याय नसणे, लिलाव करूनही कोणी पुढे न येणे. २०१२ मध्ये हे आणखी स्पष्ट झाले. त्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने टूजी प्रकरणातले १२२ परवाने रद्द केले, तेव्हा लिलावावाचून सरकारला काही देताच येणार नाही असा समज पसरला. राष्ट्रपतींनी मत मागितल्यावर सप्टेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की लिलाव ही घटनेने घातलेली एकमेव पद्धत नाही. पद्धत कोणतीही असो, तीत मनमानी नसावी. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम १६६ एकाच स्रोताकडून खरेदीचे तीन दरवाजे उघडे ठेवतो : वस्तूचा उत्पादक एकच असणे, निकडीच्या वेळी ठरावीक ठिकाणाहूनच घ्यावे लागणे, आणि आधीच्या यंत्राशी जुळणारा भाग हवा असणे. तेव्हा परवानगी आहे की नाही, यावर वाद उरत नाही. वाद आहे तो पुराव्याचा. पुरावा तपासताना नेहमी राहून जाणारा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : हा पुरवठादार एकमेव झाला कशामुळे? निर्मितीमुळे, कायद्याने दिलेल्या हक्कामुळे, संकटामुळे, की आपल्याच मागच्या निर्णयामुळे? कारण वेगळे तशी परवानगीची मुदत वेगळी, आणि सोबतची अटही वेगळी. पहिल्या दरवाजापासून पाहू.

अधीक्षक : काही बाबतींत उत्पादक खरोखरच एक असतो. पेटंट असलेले औषध दुसरी कंपनी बनवूच शकत नाही. एखादे संशोधन नियतकालिक एकाच प्रकाशकाचे असते. त्याऐवजी दुसरे घ्या, असे ग्रंथपालाला सांगण्यात अर्थ नाही. अशा वेळी निविदा काढली तर त्याच कंपनीचे तीन वितरक निविदा भरतात. माल एक, कंपनी एक, दर ठरवणाराही एकच. यात स्पर्धा कुठे आहे? महिना-दीड महिना मात्र वाया जातो.

लेखापरीक्षक : खरोखर एक असेल तर माझा आक्षेप नाही. पण ‘एकच’ हे ठरले कशावरून? नियम १६६ सोबत प्रोप्रायटरी वस्तूचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात एक ओळ आहे : दुसरे कोणतेही मेक किंवा मॉडेल पुढील कारणांमुळे चालणार नाही. या ओळीपुढची जागा हे त्या प्रमाणपत्राचे सगळे सार आहे. फायलीत तिथे ‘तांत्रिकदृष्ट्या योग्य’ एवढेच लिहिलेले असते आणि पुरावा म्हणून कंपनीचेच पत्र जोडलेले असते. विकणाऱ्याच्या शब्दावर विकत घेणाऱ्याने शिक्का मारायचा, याला पडताळणी म्हणत नाहीत. आणखी एक गोष्ट. मागणीपत्रात काम लिहिण्याऐवजी मॉडेलचा क्रमांक लिहिला, की जगात एकच पुरवठादार उरणारच. तासाला किती चाचण्या हव्यात, किती अचूक हव्यात, दुरुस्तीला माणूस किती तासांत यायला हवा, हे लिहा. मग कोण उरते ते पाहू.

लेखापरीक्षकांचा हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. गरज कामाच्या भाषेत लिहिणे ही पहिली अट, आणि ती पाळल्यावरही एकच नाव उरले तर ‘दुसरा नाही’ हा दावा संस्थेने चार भिंतींच्या आत न ठेवता चव्हाट्यावर मांडणे ही दुसरी. नवी दिल्लीच्या एम्सने ही वाट घालून दिली आहे. प्रोप्रायटरी खरेदीचा प्रस्ताव तिथे संकेतस्थळावर टाकला जातो आणि ‘आम्हीही हे देऊ शकतो’ असे म्हणणाऱ्यांकडून ठरलेल्या मुदतीत हरकती मागवल्या जातात. कोणी आले नाही तर संस्थेच्या दाव्याला कंपनीच्या पत्राहून भक्कम आधार मिळतो. कोणी आले तर चूक पैसे जाण्याआधी कळते. पण पहिल्या दरवाजाची गोष्ट इथे संपत नाही. पुरवठादार खरोखर एकमेव असला तरी खरेदीदार हतबल ठरत नाही. सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी मुंबईतून देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला आणि नॅटको कंपनीला तेच औषध महिना ८,८८० रुपयांत विकता येऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. कायद्याने दिलेली मक्तेदारी कायद्यानेच सैल करता येते, हे त्यातून दिसले. नियतकालिकांच्या बाबतीत वेगळा मार्ग निघाला. विद्यापीठे आणि संशोधन संस्था एकेकट्या प्रकाशकांशी घासाघीस करत होत्या. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली : ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. विकणारा एकच असेल तर घेणाऱ्यांनी एकत्र यावे, हा त्यामागचा विचार आहे. निविदा नसली म्हणून वाटाघाट सोडून देण्याचे कारण नाही.

अधीक्षक : आता दुसरा दरवाजा. साहेब, कोविडच्या साथीच्या काळात आम्ही ऑक्सिजन मिळेल तिथून घेतला. त्यासाठीच महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६७(३)(क) आहे. अकस्मात संकटात माणसांच्या जिवाला धोका असेल तर आयुक्तांना तातडीने कारवाई करता येते. तिथे दरपत्रकांची वाट पाहणे हाच गुन्हा ठरेल. निविदेने प्रत्येक वेळी पर्याय सापडतोच, हा तुमचा विश्वासही त्या काळात टिकला नाही. मे २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने एक कोटी लसमात्रांसाठी जागतिक पातळीवर देकार मागवले. देकार आले, पण एकही पात्र ठरला नाही, कारण लस बनवणारे थोडे होते आणि पुढे आलेल्या मध्यस्थांच्या हाती माल मिळण्याची हमी नव्हती. त्याच सुमारास राज्ये स्वतंत्रपणे लस घ्यायला निघाली. सिरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशिल्ड लशीचा राज्यांसाठीचा दर आधी ४०० आणि मग ३०० रुपये जाहीर केला. केंद्राला तीच लस १५० रुपयांना मिळत होती. माल मोजक्याच हातांत असताना घेणारे फुटले तर स्पर्धा विकणाऱ्यांत होत नाही, घेणाऱ्यांत होते. जूनमध्ये केंद्राने राज्यांच्या वाट्याची खरेदी पुन्हा स्वतःकडे घेतली, यातच सगळे आले.

लेखापरीक्षक : ऑक्सिजनबद्दल आणि लशीबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या कलमातच पुढे लिहिले आहे की आयुक्तांनी केलेली कारवाई, तिची कारणे आणि खर्च स्थायी समितीला व महापालिकेला लगेच कळवावा. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा विसरला जातो. संकट टळले तरी त्या नावाने सुरू झालेली खरेदी थांबत नाही. मुंबई महापालिकेच्या २०१९ ते २०२२ या काळातल्या कारभारावर कॅगने विशेष अहवाल दिला; तो २०२३ मध्ये विधानसभेत मांडला गेला. दोन विभागांनी २० कामे, सुमारे २१४ कोटी रुपयांची, निविदा न मागवता दिल्याचे त्यात नमूद आहे. ब्रिटनमध्येही हेच घडले. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले की जुलैअखेरपर्यंतच्या १८ अब्ज पौंडांच्या साथविषयक करारांपैकी १०.५ अब्ज पौंडांचे करार स्पर्धेविना दिले गेले, आणि राजकारणी वा अधिकाऱ्यांच्या शिफारशीने प्राधान्याच्या वाटेवर गेलेल्यांना करार मिळण्याची शक्यता इतरांच्या दहापट होती. ही वाट बेकायदा असल्याचे तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले. एवढे मोठे संकटही ओळखीला जागा करून देते.

या दुसऱ्या दरवाजापाशी एक भेद नीट ओळखला पाहिजे. घाई हे मुदत कमी करण्याचे कारण आहे. नावे कमी करण्याचे ते आपोआप कारण होत नाही. सात दिवस नसतील तर दोन दिवसांची मुदत द्यावी, दोन दिवस नसतील तर माहितीतल्या पाच पुरवठादारांना एकाच वेळी ईमेल करावा आणि संध्याकाळपर्यंत आलेल्या दरांवर निर्णय घ्यावा. नियम १६६ सुद्धा निकडीसोबत ‘ठरावीक ठिकाणाहूनच घेणे भाग आहे’ हे दुसरे कारण मागतो. एका तासात ऑक्सिजनचा टँकर देऊ शकणारा एकच असेल तर दोन्ही अटी पूर्ण होतात आणि तिथे अधीक्षकांना कोणी अडवू नये. पण दर जूनमध्ये येणारा पाऊस अकस्मात संकट ठरत नाही. पावसाळ्यात वाढणारा डेंग्यू आणि त्यासाठी लागणारे चाचणी संच ही आधी माहीत असलेली गरज आहे. ३१ मार्चनंतर निधी परत जाईल, हीही निकड नव्हे. ते नियोजन चुकल्याचे लक्षण आहे आणि त्याचा भार स्पर्धेवर टाकता येत नाही. खऱ्या संकटातल्या थेट खरेदीचा आदेश संकट निभावण्यापुरता असावा. पहिल्या पंधरवड्याचा माल थेट घ्यावा, आणि त्याच दिवशी पुढच्या मालासाठी निविदेची टिप्पणी सुरू करावी. निकडीच्या नावाने वर्षाचा दरकरार करणे, इथेच अपवाद बिघडतो.

अधीक्षक : मग तिसऱ्या दरवाजाचे काय? आमच्या प्रयोगशाळेतला ॲनालायझर बंद पद्धतीचा आहे. त्याला त्याच कंपनीचे रीएजंट, म्हणजे चाचणीचे रसायन, लागते. दुसरे घातले तर यंत्र चालत नाही, किंवा चालले तर अहवालाची खात्री देता येत नाही. लिफ्टचे सुटे भाग, एमआरआयची देखभाल, रुग्णनोंदीचे सॉफ्टवेअर, सगळीकडे हेच. आज मला पर्याय नाही, हे शंभर टक्के सत्य आहे. या सत्यावर तुम्ही आक्षेप कसा घेणार?

लेखापरीक्षक : आजच्या आदेशावर नाही घेणार. पण यंत्र घेतले त्या दिवसाची फाइल मागवीन. त्या वेळी फक्त यंत्राच्या किमतीवर सर्वांत कमी दराची निविदा ठरली. रीएजंटचा पाच-सात वर्षांचा खर्च, हमीनंतरच्या देखभालीचा दर, यांची तुलना झालीच नाही. कधी तर यंत्र फुकट मिळाले म्हणून आनंद झाला आणि सगळी किंमत रीएजंटमधून वसूल होत राहिली. स्पर्धा तुम्ही त्या दिवशी संपवलीत, मॅडम. आज फक्त तिचे बिल आले आहे.

तिसरा दरवाजा म्हणूनच मला सर्वांत धोक्याचा वाटतो. पहिल्या दोन दरवाजांत पुरवठादाराचे एकमेवपण बाहेरून आलेले असते. इथे ते आपणच तयार केलेले असते, आणि दर वर्षी नव्या आदेशाने आणखी पक्के होत जाते. तरीही लेखापरीक्षकांची भाषा अधीक्षकांवर थोडा अन्याय करते, कारण आजच्या अधिकाऱ्याने कालची खरेदी केलेली नसते आणि आज रक्ततपासणी बंद ठेवणे हे काही उत्तर नाही. उपाय दोन्ही टोकांना हवा. नवे यंत्र घेताना निविदेतच आयुष्यभराचा खर्च मागावा. मोठ्या वैद्यकीय उपकरणांच्या निविदांत पाच वर्षांची हमी आणि त्यापुढच्या पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभालीचा दर मिळून तुलना करण्याची पद्धत रूढ आहे. रीएजंट, सुटे भाग आणि सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणालाही ती लावावी. पुढे एकच पुरवठादार उरणार हे ठाऊक असेल, तर पुढचे दर तो एकटा उरण्याआधी, चौघे समोर असताना बांधून घ्यावेत. सॉफ्टवेअरच्या करारात तर संस्थेचा विदा दुसऱ्या प्रणालीत नेता येईल अशा स्वरूपात परत देण्याची अट नसेल, तर तो करार करूच नये. आणि जुन्या यंत्रासाठी आज थेट आदेश द्यायचाच असेल, तर त्या आदेशावर सुटकेची तारीख लिहावी : हे यंत्र केव्हा बाद होणार, आणि त्याआधी किती महिने नवी निविदा निघणार.

अधीक्षक : हे सगळे ऐकायला बरे आहे. पण प्रस्ताव जाहीर केला की कंपनीला कळणार, आपण एकटेच आहोत. मग ती दर वाढवणार. प्रतिस्पर्धी नुसता खोडा घालायला हरकत घेणार, त्यात महिने जाणार. आणि चाळीस हजारांच्या सुट्या भागासाठी तालुक्याच्या रुग्णालयाने एवढा सोपस्कार करायचा कधी? त्यापेक्षा अधिकाऱ्यावर विश्वास ठेवा. शासनाने तरी तेच केले आहे. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि सार्वजनिक हिताविना कोणाला लाभ झाला एवढ्यावरून अधिकाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे उपकलम गेले. २०२५ मध्ये संशोधन संस्थांना दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेऊन दिली. भीतीने गोठलेला अधिकारी कोणाच्याच उपयोगाचा नसतो, हे त्यांनाही कळले आहे.

या हरकती टाळण्यासारख्या नाहीत, म्हणून एकेक घेतो. आपण एकटे आहोत हे कंपनीला आपल्या आधीपासून माहीत असते. बाजाराची माहिती विकणाऱ्याकडे नेहमीच जास्त असते. तिच्या दराला लगाम गुप्ततेने बसत नाही, माहितीने बसतो. तीच वस्तू गेल्या वर्षभरात इतर सरकारी संस्थांना कोणत्या दराने दिली त्या पुरवठा आदेशांच्या प्रती मागाव्यात, आपला मागचा दर शेजारी ठेवावा, आणि करारकाळात दुसऱ्या कोणा सरकारी खरेदीदाराला कमी दराने दिल्यास तोच दर आपल्यालाही लागू होईल अशी अट घालावी. खोडसाळ हरकतींसाठी मुदत छोटी ठेवावी, हरकतीसोबत तांत्रिक पुरावा सक्तीचा करावा, आणि निर्णय विषयतज्ज्ञ असलेल्या समितीने ठरलेल्या दिवसांत द्यावा. लहान खरेदीबद्दल अधीक्षकांचे म्हणणे पूर्ण मान्य करायला हवे. ठरावीक रकमेपर्यंत थेट खरेदीची मुभा नियमांतच आहे, ती वापरायला कोणी कचरू नये. फक्त मोठ्या मागणीचे तुकडे पाडून ती त्या मर्यादेत बसवू नये. नियम १५७ त्यालाच मनाई करतो. राहिला विश्वासाचा मुद्दा. अधिकाऱ्यावर विश्वास हवाच, आणि २०१८ ची दुरुस्ती त्या दृष्टीने रास्त होती. पण विश्वासाचा अर्थ कारण न विचारणे असा होत नाही. उलट, कारण निर्णयाच्या दिवशी लिहिलेले आणि जाहीर झालेले असेल, तर पाच वर्षांनी कोणी शंका घेतली तरी त्या अधिकाऱ्याचा बचाव फायलीतच असतो. कार्योत्तर मंजुरीच्या मागे धावणाऱ्या अधिकाऱ्याला ते संरक्षण मिळत नाही.

लेखापरीक्षक : एक शंका माझीही. एवढी दारे अधिकृतपणे उघडी ठेवली, प्रत्येकाला रीत घालून दिली, की अपवादच नियम होईल. रीत पाळली की झाले, असे सगळे म्हणतील. मग मी आक्षेप कशावर घेऊ?

ही भीती खोटी नाही. रीत पाळूनही हेतू मारता येतो, हे पुण्याच्या त्या निविदांनीच दाखवले. म्हणून एकेक फाइल तपासण्याबरोबर सगळ्या अपवादांची बेरीज कोणीतरी पाहिली पाहिजे. केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ च्या त्याच परिपत्रकात सार्वजनिक उपक्रमांना सांगितले होते की नामांकनाने, म्हणजे निविदेविना, दिलेल्या कामांचा अहवाल दर तिमाहीला संचालक मंडळापुढे ठेवावा आणि लेखापरीक्षण समितीने त्यातली किमान दहा टक्के प्रकरणे तपासावीत. हीच पद्धत महापालिकेची स्थायी समिती, विद्यापीठाची व्यवस्थापन परिषद, रुग्णालयाचे नियामक मंडळ, शिक्षणसंस्थेचे कार्यकारी मंडळ यांनी स्वीकारायला हवी. नोंदवहीत प्रत्येक एकल खरेदीपुढे चार गोष्टी असाव्यात : पुरवठादार एकमेव कशामुळे झाला, ‘दुसरा नाही’ हा दावा कुठे आणि किती दिवस जाहीर होता, दर कशाशी ताडला, आणि हे अवलंबित्व कोणत्या तारखेला संपणार. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले कलम ४ संस्थांना स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगते; ही नोंदवही त्या माहितीत असावी. एकच नाव तीन वर्षे ‘निकड’ या कारणाखाली येत असेल, किंवा संपण्याची तारीख दर वर्षी पुढे सरकत असेल, तर लेखापरीक्षकांचा आक्षेप तिथे आहे, आणि तो एका फायलीवरच्या आक्षेपापेक्षा कितीतरी जड आहे.

संस्थेने एकाच पुरवठादाराकडून खरेदी करावी का, याला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. पण ‘दुसरा नाही’ हे ठरवण्याचा अधिकार संस्थेचा एकटीचा नाही, आणि पुरवठादाराचा तर मुळीच नाही. तो दावा खुल्यावर मांडून, ठरलेल्या मुदतीत कोणीही खोडून काढू शकले नाही, तरच तो सिद्ध झाला असे धरावे. आणि जिथे संकट एवढी सवड देत नाही तिथे आदेश संकटापुरता आखूड ठेवून कारण मागाहून लगेच जाहीर करावे. अधीक्षकांना हवा असलेला वेग यात राखता येतो आणि लेखापरीक्षकांना हवा असलेला पुरावाही मिळतो. यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहायची गरज नाही. आज लागू असलेल्या नियमांत याचे बहुतेक तुकडे आहेत. नियामक मंडळाच्या येत्या बैठकीत एका सदस्याने ही चार रकान्यांची नोंदवही मागितली, तरी कामाला सुरुवात होईल.